‘नो फंक्शनल चेंज’ लिहिलेले पॅच मी कसे वाचते

गेल्या आठवड्यात माझ्याकडे रिव्ह्यूला एक सिरीज आली, २३ पॅच (पॅच म्हणजे कोडमधला एक सुटा बदल), सगळे क्लीनअपचे, म्हणजे कोड नीटनेटका करणारे. आमचा पॅकेट हँडलिंगचा जुना सी कोड आहे, खाली एक कर्नल मोड्यूल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा भाग, आणि वर युजरस्पेसमधला, म्हणजे गाभ्याबाहेरचा, एक डीमन (पाठीमागे सतत चालणारा प्रोग्राम), इतक्या वर्षांत बऱ्याच जणांचे हात लागलेत त्याला, आणि टीममधल्या एका नव्या मुलानं मनावर घेऊन तो साफ करायला घेतला. काम मनापासून केलेलं होतं, ते पहिल्या दोन पॅचमध्येच कळलं. आणि जवळपास प्रत्येक पॅचच्या मेसेजमध्ये शेवटची ओळ तीच: नो फंक्शनल चेंज, म्हणजे कोडच्या वागण्यात काहीच बदल नाही.

ही ओळ दिसली की मी जरा सावरून बसते. म्हणजे लिहिणाऱ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, तर ती ओळ किती मोठं बोलतेय ते लक्षात घ्यायला हवं म्हणून. नवीन फीचरचा पॅच म्हणतो की अमुक एक गोष्ट बदलेल, मग आपण ती गोष्ट तपासतो, टेस्ट लिहितो, झालं. क्लीनअपचा पॅच म्हणतो की काहीच बदलणार नाही, कुठलंही पॅकेट आलं तरी, कुठल्याही प्रोसेसरवर, कुठल्याही कंपायलरनं, मेमरी संपली तरी, मधेच सिग्नल आला तरी. हा दावा फीचरच्या दाव्यापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि गंमत अशी की आपण रिव्ह्यूअर लोक नेमके तिथेच ढिले पडतो, कारण डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, दिसायला साधा असतो, ओळी कमी झालेल्या असतात, वाचायला छान वाटतं आणि हात आपोआप अप्रूव्हकडे जातो.

तर मी पहिलं काम करते ते म्हणजे गठ्ठा वेगळा करणं. नाव बदलणं, स्पेसच्या जागी टॅब, कंस, कॉमेंटमधलं स्पेलिंग, फंक्शन एका फाइलमधून दुसरीकडे हलवणं, असल्या पॅचसाठी डोळे खर्च करायची गरज नाही. पॅचच्या आधीचा आणि नंतरचा कोड डीबग इन्फो बंद ठेवून कंपाइल करायचा, बनलेल्या दोन्ही ऑब्जेक्ट फाइल डिसअसेंबल करायच्या, म्हणजे त्यांतल्या मशीनच्या इन्स्ट्रक्शन वाचता येतील अशा काढायच्या, आणि त्यांचा डिफ काढायचा. एकही इन्स्ट्रक्शन बदलली नसेल तर त्या आर्किटेक्चरपुरता आणि त्या कॉन्फिगपुरता विषय संपला. एक अडचण येते, असर्ट किंवा वॉर्निंगच्या मॅक्रोत (मॅक्रो म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा) लाइन नंबर बेक झालेला असतो आणि एक ओळ खाली-वर झाली की तेवढा आकडा बदलतो, तो ओळखता आला पाहिजे. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये या कामासाठी एक तयार स्क्रिप्टही आहे. आणि कोड नुसता हलवलाय की हलवताना त्यात काही बदललंय हे बघायला गिटमध्ये हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवायची सोय आहे, ती माझ्याकडे कायम चालूच असते. या सगळ्यातून २३ मधले ९ पॅच अर्ध्या तासात मोकळे झाले. उरले १४, आणि त्या १४ साठी मला तीन संध्याकाळी लागल्या.

पहिला अडकला तो सीक्वेन्स नंबरचा. आमच्याकडे टीसीपीचे दोन सीक्वेन्स नंबर (कनेक्शनमधल्या बाइटचे क्रमांक) तुलना करायला एक छोटा मॅक्रो होता, दोन्हींची वजाबाकी करायची, ती साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणाऱ्या, ३२ बिटमध्ये टाकायची आणि शून्यापेक्षा लहान आहे का ते बघायचं. मुलानं तो काढून सरळ ‘अ, ब पेक्षा लहान’ असं लिहिलं होतं, आणि मेसेजमध्ये म्हटलं होतं की उगाच गुंतागुंतीचं होतं, वाचायला सोपं केलं. वाचायला सोपं झालं हे खरंच. पण सीक्वेन्स नंबर ३२ बिटांचा असतो, तो ४,२९४,९६७,२९६ बाइटनंतर परत शून्यावर येतो, आणि त्या वळणावर पुढचा नंबर मागच्यापेक्षा लहान दिसतो. वजाबाकीवाला मॅक्रो नेमका त्या वळणासाठी लिहिलाय. १० गिगाबिटच्या लिंकवर हे वळण साधारण साडेतीन सेकंदांत येऊ शकतं, आणि त्यातही कनेक्शनचा सुरुवातीचा नंबर शून्य नसतो, रँडम निवडलेला असतो, म्हणजे नशिबानं तो टोकाजवळ पडला तर पहिल्या काही केबीतच वळण येईल. आणि टेस्टमध्ये? टेस्टमध्ये आम्ही प्रत्येक कनेक्शन १००० या नंबरपासून सुरू करायचो आणि काही एमबी पाठवायचो. सगळ्या टेस्ट हिरव्या.

कर्नलमध्ये वेळ मोजायच्या जिफीज काउंटरचंही असंच आहे आणि तिथे एक फार शहाणपणाची गोष्ट करून ठेवलीये, ३२ बिट मशीनवर तो काउंटर मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू होतो की बूट झाल्यावर बरोबर पाच मिनिटांत तो उलटतो. म्हणजे कुणी तुलना चुकीची लिहिली असेल तर ते काही आठवड्यांनी एखाद्या चालू मशीनवर कळण्याऐवजी डेव्हलपरच्या टेबलावरच कळतं. मी त्या मुलाला हेच सुचवलं, की मॅक्रो राहू दे, आणि टेस्टमधला सुरुवातीचा सीक्वेन्स नंबर मॅक्सिममच्या जरा आधी ठेव. त्याने तो बदल केला, आपलाच पॅच लावून टेस्ट चालवली, आणि ती फेल झाली. त्यानंतर त्याला मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरा होता यूडीपी चेकसमचा, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का ते कळायला त्यात घातलेल्या बेरजेचा. चेकसम काढून झाल्यावर एक ओळ होती, की उत्तर शून्य आलं तर त्या जागी सगळेच्या सगळे १६ बिट एक करून टाका. ही ओळ पहिल्यांदा बघणाऱ्याला विचित्रच वाटणार, शून्य आलं तर शून्य लिहा ना! पण यूडीपीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, आरएफसी ७६८ मध्ये, १९८० सालापासून ठरलंय की चेकसमच्या जागी शून्य याचा अर्थ ‘पाठवणाऱ्याने चेकसम काढलेलाच नाही’. म्हणून खरोखर काढून शून्य आला तर तो सगळे बिट एक असा पाठवायचा, वन्स कॉम्प्लिमेंटच्या (बिट उलटे केले की उणे आकडा मिळतो अशा) गणितात दोन्ही शून्यच असतात त्यामुळे घेणाऱ्याकडे हिशोब बरोबर जुळतो. आयपीव्ही४ वर ही ओळ काढली तर फारसं काही दिसणार नाही, घेणारा त्या पॅकेटचा चेकसम तपासणार नाही इतकंच. आयपीव्ही६ वर मात्र काही टनेलचे (टनेल म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरं पॅकेट पाठवणं) अपवाद सोडले तर शून्य चेकसम चालतच नाही, घेणाऱ्याने पॅकेट टाकून द्यायचं असतं. म्हणजे ती ओळ गेली असती तर साधारण ६५ हजार पॅकेटमागे एक पॅकेट गायब, लॉग नाही, एरर नाही, आणि तेच पॅकेट परत पाठवलं तर परत गायब कारण डेटा तोच असेल तर चेकसमही तोच. असला बग शोधायला बसलेल्या माणसाचे किती दिवस जातात ते मी बघितलंय. त्या ओळीवर कॉमेंट नव्हती, आणि हा दोष पॅच लिहिणाऱ्याचा नाही तर आमचा, ती ओळ लिहिली तेव्हा रिव्ह्यू करणाऱ्यांचा आहे.

मग पॉइंटरचा, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा. लिनक्सच्या नेटवर्किंग कोडमध्ये पॅकेट ज्या स्ट्रक्चरमध्ये असतं त्या एसके-बफचा डेटा सगळा सलग मेमरीत असेलच असं नाही, काही भाग वेगळ्या पानांमध्ये असू शकतो, म्हणून हेडर वाचायच्या आधी एक फंक्शन बोलवायचं असतं की बाबा इतके बाइट सलग भागात आहेत का बघ, नसतील तर ओढून घे. ओढून घेताना ते फंक्शन गरज पडली तर नवीन बफर घेतं आणि जुना सोडून देतं. म्हणजे त्याआधी तुम्ही आयपी हेडरचा पॉइंटर काढून ठेवला असेल तर तो आता मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बोट दाखवतोय. म्हणून आमच्या कोडमध्ये पॉइंटर एकदा वर काढलेला होता आणि त्या कॉलनंतर पुन्हा तोच, शब्दशः तीच ओळ. पॅचनं दुसरी ओळ काढली, मेसेज: डुप्लिकेट असाइनमेंट रिमूव्ह केली. डिफमध्ये तर वरचा कॉल दिसतही नव्हता, कारण डिफ बदललेल्या ओळीच्या आजूबाजूच्या तीनच ओळी दाखवतो आणि कॉल पाच ओळी वर होता. म्हणून माझा एक नियम आहे, सी मधला क्लीनअप डिफमध्ये वाचायचाच नाही, पूर्ण फंक्शन उघडायचं आणि पहिल्या ओळीपासून वाचायचं, ते २०० ओळींचं असलं तरी. बहुतेक पॅकेटमध्ये हेडर आधीपासून सलग भागातच असतो त्यामुळे हा बग रोजच्या ट्रॅफिकमध्ये दिसत नाही. तो दिसतो कुणीतरी मुद्दाम वेडीवाकडी तुकडे केलेली पॅकेट पाठवतो तेव्हा, आणि तेव्हा तो नुसता बग राहत नाही.

मोठं फंक्शन फोडून छोटी हेल्पर फंक्शन करणं हे मला स्वतःला आवडतं आणि मी लोकांना करायलाही सांगते. पण सी मध्ये त्यात एक खड्डा आहे जो प्रत्येकाला माहीत असतो आणि तरी प्रत्येक जण एकदा पडतो. आत लोकल अॅरे होता, ६४ कॅरेक्टरचा, आणि खाली साइजऑफ, म्हणजे किती बाइट ते सांगणारा ऑपरेटर, वापरून तेवढा भाग शून्य केला जायचा. तो तुकडा उचलून हेल्परमध्ये टाकला, अॅरे झाला पॅरामीटर, पॅरामीटर म्हणजे पॉइंटर, आणि साइजऑफ ६४ च्या जागी झाला ८, नुसत्या पॉइंटरची लांबी. कोडची ओळ तीच, अर्थ वेगळा. मेमसेटसारख्या (मेमरी एका किमतीनं भरणाऱ्या) ओळखीच्या फंक्शनसाठी कंपायलर यावर वॉर्निंग देतो पण आमच्याकडे मेमसेटवर आमचा स्वतःचा रॅपर, वरून गुंडाळलेलं फंक्शन, होता, म्हणून गप्प.

स्ट्रिंग कॉपीच्या पॅचवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. जुनी स्ट्रएनकॉपी काढून स्ट्रएसकॉपी आणायची, ही दिशा बरोबरच आहे, कर्नलमध्येही तेच चाललंय, स्ट्रएलकॉपी तर ६.८ मध्ये पूर्णच काढून टाकली. पण स्ट्रएनकॉपीची एक सवय लोक विसरतात, ती उरलेली सगळी जागा शून्याने भरते. परफॉर्मन्सच्या दृष्टीनं ती सवय वाईट म्हणून ओळखली जाते, पण आमचा हा फील्ड १६ बाइटचं इंटरफेसचं नाव होता आणि ते पूर्ण १६ बाइट मेसेजमधून बाहेर जात होते. नाव ४ अक्षरांचं असेल तर त्याच्या शेवटच्या शून्यानंतर उरलेले ११ बाइट म्हणजे त्या मेमरीत आधी जे काही पडलं होतं ते, थेट बाहेर. याच कामासाठी शून्याने भरणारी वेगळी आवृत्ती आहे, ती वापरायची, एवढाच बदल. तसंच मेमसेट काढून स्ट्रक्चर घोषित करतानाच फील्ड भरायचे, हेही दिसायला फार देखणं, पण दोन फील्डच्या मधे कंपायलरनं सोडलेली रिकामी जागा, पॅडिंग, तिच्यात शून्यच येईल याची हमी भाषा देत नाही. जे स्ट्रक्चर आतल्या आतच वापरलं जातंय तिथे काही फरक पडत नाही. जे कर्नलमधून युजरस्पेसकडे किंवा वायरवर जातंय तिथे मी मेमसेट काढू देत नाही, कुणी कितीही वाद घातला तरी.

डीमनच्या बाजूला दोन छोटे होते. एक म्हणजे एरर पाथ एकत्र करणं. पाच ठिकाणी वेगवेगळी साफसफाई आणि रिटर्न होतं, ते काढून एकच ‘आउट’ लेबल केलं, सगळीकडून गोटूने (लेबलवर थेट उडी) तिथे यायचं आणि जे जे उघडलंय ते बंद करायचं. छान कल्पना, सी मध्ये हीच पद्धत रूढ आहे. पण सॉकेटचा डिस्क्रिप्टर, म्हणजे सिस्टिमनं त्याला दिलेला नंबर, सुरुवातीला शून्य ठेवला होता आणि खाली ‘शून्य नसेल तर बंद करा’. शून्य हा व्यवस्थित वैध डिस्क्रिप्टर असतो, डीमननं आपलं स्टँडर्ड इनपुट बंद केलेलं असेल तर नवीन सॉकेटला शून्यच मिळतो आणि मग तो कधीच बंद होणार नाही. उणे एक हवा. आणि त्याच पॅचमध्ये क्लोजच्या आधी एररनो, म्हणजे शेवटच्या चुकीचं कारण सांगणारा आकडा, बाजूला ठेवून नंतर परत भरणाऱ्या दोन ओळी गेल्या होत्या, कारण त्या ‘निरुपयोगी’ दिसत होत्या. क्लोज स्वतः फेल झालं तर एररनो बदलतं, आणि वरच्या फंक्शनला कनेक्ट का फेल झालं ते कळायच्या ऐवजी भलतंच कारण कळतं. दुसरा पॅच टाइपचा, रिसीव्हचं उत्तर ज्या व्हेरिएबलमध्ये घेतलं होतं ते साइन्डचं अनसाइन्ड केलं, कारण पुढे एका लांबीशी तुलना होती आणि कंपायलर कटकट करत होता. कटकट गेली, पण चूक झाली हे सांगणारा उणे एक हा प्रचंड मोठा आकडा झाला आणि ‘शून्यापेक्षा लहान आहे का’ या प्रश्नाचं उत्तर कायमचं ‘नाही’ झालं.

इथपर्यंत आल्यावर तो मला म्हणाला, पण टेस्ट तर सगळ्या पास होत्या, कोड न चालवता चुका शोधणाऱ्या स्टॅटिक अॅनालायझरनेही काही म्हटलं नाही, मग मी कशावर भरवसा ठेवायचा? प्रश्न अगदी खरा होता आणि मी त्याला जे सांगितलं ते इथेही लिहिते. टूल काय म्हणतं ते ऐकायचं, पण टूलला गप्प करणं हे ध्येय झालं की घात होतो. यातलं सगळ्यात मोठं उदाहरण डेबियनचं, लिनक्सच्या एका डिस्ट्रिब्यूशनचं, आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमध्ये दोन ओळी कॉमेंट करून बंद केल्या गेल्या, कारण मेमरी तपासणारं टूल तक्रार करत होतं की इनिशियलाइज न केलेली मेमरी वापरली जातेय. तक्रार त्या जागेपुरती बरोबरही होती. पण त्या दोनपैकी एक ओळ म्हणजे रँडम नंबर जनरेटरमध्ये खरी एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न येणारा डेटा, ओतणारी मुख्य जागा होती. ती गेल्यावर रँडमपणा म्हणून मागे उरला फक्त प्रोसेसचा आयडी, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये ते जाहीर झालं, तोपर्यंत जवळपास पावणेदोन वर्षं त्या मशीनवर बनलेल्या एसएसएच आणि टीएलएसच्या कीज ओळखता येण्यासारख्या होत्या, सगळ्या बदलाव्या लागल्या. आणि बदल करणाऱ्याने आधी मेलिंग लिस्टवर विचारलंही होतं. म्हणजे निष्काळजी माणूस नव्हता तो. डिफ दोन ओळींचा होता, कुणीही बघितला असता तरी हो म्हटलं असतं.

घोषणांच्या ओळी खालीवर करणारे चार पॅच होते आणि त्यांच्याबद्दल जरा सांगते कारण नेटवर्किंगवाल्यांची ही खास सवय आहे. कर्नलच्या नेटवर्किंग भागात लोकल व्हेरिएबल सगळ्यात लांब ओळ वर आणि सगळ्यात छोटी खाली अशी लिहायची पद्धत आहे, उलटा ख्रिसमस ट्री म्हणतात त्याला. दिसायला सुबक. पण घोषणेतच किंमत भरलेली असेल आणि एकीची किंमत दुसरीवर अवलंबून असेल तर ओळ वर नेली की ती अजून न भरलेलं व्हेरिएबल वाचते. अशा वेळी लांबीचा नियम मोडायचा नाही आणि क्रमही नाही, किंमत भरायची ओळ खाली कोडमध्ये आणायची, तिथल्या मेंटेनरांचं म्हणणंही हेच आहे. तेही आणताना बघायचं की ती नल चेकच्या, म्हणजे पॉइंटर रिकामा आहे का या तपासणीच्या, खाली येतेय ना. २००९ मध्ये लिनक्सच्या टन (आभासी नेटवर्क इंटरफेसच्या) ड्रायव्हरमध्ये हेच नडलं होतं. घोषणेतच पॉइंटरच्या आतलं सॉकेट वाचलं होतं आणि पॉइंटर नल आहे का हा चेक त्याच्या खाली होता. कंपायलरनं विचार केला की ज्याअर्थी वर पॉइंटर वाचलाय त्याअर्थी तो नल असूच शकत नाही, आणि चेकच उडवून टाकला, सी च्या नियमांत ते त्याला करता येतं. नुसतं क्रॅश व्हायला हवं होतं तिथे थेट रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार, मिळवणारा एक्सप्लॉइट निघाला. त्यानंतर कर्नल कंपाइल करताना असे चेक काढू नकोस असं कंपायलरला बजावणारा फ्लॅग आला. मुलाच्या चारपैकी तीन पॅच ठीक होते. चौथ्यात नेमकं हे असंच होतं, चेकच्या वर पॉइंटर वाचलेला, पण तो त्याने आणलेला नव्हता! मूळ कोडमध्येच तसं होतं आणि ओळी हलवताना त्याच्या शेजारून तो गेला होता. म्हणजे क्लीनअपमुळे आम्हाला एक खरा जुना बग मिळाला. तो वेगळा पॅच म्हणून, कुठल्या कमिटने आणला त्या टॅगसकट, सिरीजच्या आधी गेला, कारण बगची दुरुस्ती क्लीनअपच्या पोटात लपवली की जुन्या रिलीजवर नेताना सगळी सिरीज ओढावी लागते.

हे जुन्या रिलीजवर नेणं हाच मुळात क्लीनअपचा न दिसणारा खर्च आहे. कर्नलच्या नेटवर्किंगच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या कुठल्या कामाचा भाग नसलेले नुसते साधे क्लीनअप पाठवू नका, स्टाइल चेकरच्या वॉर्निंग, व्हेरिएबलचा क्रम वगैरे, कारण त्यातून मिळतं त्यापेक्षा त्या उलथापालथीची किंमत जास्त. एका सिरीजमध्ये १५ पेक्षा जास्त पॅच नकोत असंही आहे. काही लोकांना हे कठोर वाटतं, नवीन लोक शिकणार कसे असं म्हणतात. मला विचाराल तर मी मधे आहे. कुणीच हात लावत नसलेल्या फाइलला नुसतं नटवायला मी नाही म्हणते. पण ज्या फाइलमध्ये पुढच्या महिन्यात आपण काम करणार आहोत ती आधी साफ करून घेणं, वेगळ्या पॅचमध्ये, एका पॅचमध्ये एकच प्रकारचा बदल, हे मी आनंदानं वाचते. तीन तास लागले तरी वाचते. या सिरीजमुळे आमच्या बिग एंडियनच्या (आकड्याचे बाइट कुठल्या क्रमाने ठेवायचे त्याच्या) गोंधळाला पहिल्यांदा नीट टाइप मिळाले, नेटवर्क ऑर्डरमधला १६ बिट आणि होस्ट ऑर्डरमधला १६ बिट वेगळे दिसायला लागले, स्पार्स हे तपासणीचं टूल चालवलं की कुठे एनटोएचएस, म्हणजे नेटवर्क ऑर्डरचं होस्ट ऑर्डर करणं, राहिलंय ते कळतं. त्या एका पॅचसाठी बाकी सगळे वाचणं सार्थकी लागलं असं मी त्याला लिहिलं, आणि ते मुद्दाम लिहिलं, कारण इतक्या पॅचवर प्रश्नच प्रश्न आलेल्या माणसाला चांगलं काय झालंय तेही तितक्याच नेमकेपणानं कळायला हवं.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक. मी रिव्ह्यूमध्ये ‘हे चूक आहे’ असं शक्यतो लिहीत नाही, कोणतं पॅकेट आलं की काय होईल ते लिहिते. ‘पेलोडची वन्स कॉम्प्लिमेंट बेरीज सगळे बिट एक अशी आली तर पुढे काय होईल?’ असा प्रश्न आला की समोरचा स्वतः पॅकेट बनवून बघतो. त्याने तसंच केलं. दुसऱ्या आवृत्तीत सिरीज १५ पॅचची झाली आणि त्यात तीन पॅच असे होते जे एकही ओळ काढत नव्हते, नुसत्या कॉमेंट घालत होते: सीक्वेन्सचा मॅक्रो असा का, शून्य चेकसमला वेगळं का, पॉइंटर परत का काढायचा. आणि प्रत्येकासोबत ती ओळ काढली की फेल होणारी टेस्ट. माझ्या मते त्या अख्ख्या सिरीजमधलं हेच सगळ्यात चांगलं क्लीनअप होतं.

१४ पॅच काल मर्ज झाले. एक अजून माझ्याकडे अडकलाय. पॅकेटच्या मधून ४ बाइट मेमकॉपीने उचलून व्हेरिएबलमध्ये टाकायची ओळ आहे, ती काढून मुलानं सरळ पॉइंटर कास्ट केलाय, म्हणजे त्याचा टाइप बदलून थेट वाचलंय. इथरनेटचं हेडर १४ बाइटचं असतं, त्यामुळे त्यामागचं आयपी हेडर ४ च्या पटीवर येत नाही, म्हणून बरेच ड्रायव्हर सुरुवातीला २ बाइट मोकळे सोडून ते जुळवून घेतात, पण आमच्या टनेलच्या आतलं पॅकेट तसं जुळलेलं असेलच असं नाही. आमच्या रोजच्या मशीनवर काहीच फरक पडत नाही, कंपायलर दोन्हींसाठी तीच एक लोड इन्स्ट्रक्शन काढतो, मी डिसअसेंबल करून बघितलंय. पण आमचा एक जुना बोर्ड आहे ज्याचा प्रोसेसर असं आडवंतिडवं वाचलं की ट्रॅप मारतो, म्हणजे एरर देऊन अडतो. मुलगा म्हणतो कास्ट जास्त वाचनीय आहे, मी म्हणतेय अनअलाइन्ड, म्हणजे न जुळलेल्या पत्त्यावरून, वाचणारा जो हेल्पर आहे तो वापर, तोही एकाच ओळीत बसतो. बोर्ड सध्या दुसऱ्या टीमकडे आहे, सोमवारी मिळेल. तेव्हा दोघं मिळून टनेलमधून पॅकेट पाठवून बघू.